काऑरचा काळा द्राक्षारस आणि त्याचे पारखी

समीक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तकांचा ढीग आणि नाकावर घसरलेला चष्मा येतो. युरोपात मात्र समीक्षकांची आणखी एक जात आहे. ती पेला वाचते. पेला प्रकाशासमोर धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, घोटभर वाईन जिभेवर खेळवून बहुधा थुंकून टाकावी, आणि मग वहीत चार ओळी लिहाव्यात. त्या चार ओळींवर एखाद्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते. या मंडळींच्या लेखी सर्वांत आनंदाचा शोध म्हणजे दहा-पंधरा वर्षे तळघरात ठेवली तर सुधारत जाईल आणि तरीही सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी तांबडी फ्रेंच वाईन. हे दोन गुण एकत्र सापडणे सोपे नाही. ते जिथे सापडतात तिथे ते का सापडले, या प्रश्नाचे उत्तर जिभेपेक्षा इतिहासाकडे अधिक असते, असे माझे मत आहे. त्यासाठी नैऋत्य फ्रान्समधील काऑर या गावाची कथा येथे सांगावयाची आहे.

तत्पूर्वी दोन गोष्टी. आपल्या धर्मग्रामांत दारूने किती संसार धुळीला मिळवले हे धर्मगुरूने वेगळे सांगायला नको. मर्तिकांच्या नोंदवह्या ते सांगतच असतात. पुढील मजकूर हे पिण्याचे आमंत्रण नव्हे. पण ज्या पदार्थाला प्रभूने वेदीवर स्थान दिले त्याचा इतिहास आपल्याला अगदीच परका असावा, हेही बरे नव्हे.

दुसरी गोष्ट, काना गावच्या लग्नाची. योहानाच्या शुभवर्तमानातील या प्रसंगावर आपण असंख्य प्रवचने ऐकली आहेत. पण त्यातील भोजनकारभाऱ्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो द्राक्षारसाचा पारखी आहे. तो चाखतो आणि निवाडा देतो: चांगला रस वराने शेवटपर्यंत राखून ठेवला! योहान एक बारीक तपशील आवर्जून नोंदवतो. हा रस कुठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हते. ज्यांनी पाणी काढले त्या चाकरांना मात्र ठाऊक होते. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ती लेबल झाकून केलेली चाखणी होती, आणि म्हणूनच तो निवाडा प्रामाणिक ठरला. नाव ठाऊक असते, घराणे ठाऊक असते, किंमत ठाऊक असते, तेव्हा जीभ इतकी मोकळी राहत नाही. काऑरच्या वाट्याला नेमके हेच आले.

काऑर हे केर्सी प्रांताचे जुने नगर. लॉट नदी या प्रदेशातून सापासारखी वळणे घेत जाते आणि एका वळणाने गावाला तीन बाजूंनी वेढून टाकते. चौदाव्या शतकातील तीन बुरुजांचा व्हालाँत्रे पूल आणि घुमटांचे संत स्तेफनचे कॅथेड्रल ही गावाची ओळख. याच धर्मप्रांतात कड्याला चिकटून बांधलेले रोकामादूर हे मारियामातेचे तीर्थक्षेत्र आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री तिथे यात्रेला आला होता. सांतियागोला जाणारी एक यात्रावाटही काऑरमधूनच जाते. नदीकाठी गाळाची आणि गोट्यांची जमीन पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाते व तिच्याही वर चुनखडीचे उजाड पठार आहे. या पायऱ्यांवर आणि पठारावर जी द्राक्षे पिकतात त्यांना तिथले लोक ओसेर्वा किंवा को म्हणतात. जग त्यांना मालबेक या नावाने ओळखते. साल जाड, रस गडद. त्यापासून होणारी वाईन इतकी काळपट की तिचे नावच ‘काळी वाईन’ पडले.

आता नकाशा पाहू. लॉट नदी गारोनला मिळते आणि गारोन बोर्दो बंदराकडे जाते. काऑरच्या वाईनला समुद्र गाठायचा तर बोर्दोखेरीज सोयीची वाट नव्हती. ११५२ मध्ये आकितेनची एलिनोर आणि लवकरच इंग्लंडचा राजा होणारा हेन्री यांचा विवाह झाला आणि पुढील तीनशे वर्षे, १४५३ पर्यंत, बोर्दो इंग्लंडच्या राजाच्या छत्राखाली राहिले. इंग्रजांना वाईन हवी होती, बोर्दोला ती विकायची होती, आणि तेराव्या शतकात काऑरची पिपेही याच मार्गाने लंडनला जात होती. लंडनच्या गिऱ्हाइकांना ती आवडत होती. बोर्दोच्या नागरिकांना खुपली ती नेमकी हीच गोष्ट.

फ्रेंच राजाशी लढायचे तर बोर्दोची निष्ठा इंग्लंडच्या राजाला हवी होती. निष्ठेची किंमत म्हणून शहराला सवलती मिळाल्या. त्यांतली एक अशी की नदीच्या वरच्या अंगाच्या प्रदेशातील वाईन संत मार्टिनच्या सणापूर्वी, म्हणजे ११ नोव्हेंबरपूर्वी, बोर्दोत उतरवता येणार नाही. पुढे ही मुदत नाताळपर्यंत लांबली. वरवर पाहता हा केवळ दोन महिन्यांचा विलंब. पण त्या काळी वाईन टिकत नसे. वर्ष उलटले की तिचे आंबट पाणी होई. त्यामुळे नव्या वाईनची वाट पाहिली जाई आणि ती घेऊन जाणारा मोठा जहाजांचा ताफा शरद ऋतूतच इंग्लंडकडे निघे. नाताळाच्या मेजवान्या त्यावर साजऱ्या होत. जे नाताळानंतर पोहोचले त्यांनी वसंतातल्या ताफ्याची वाट पाहत बसावे, तोवर गिऱ्हाइकाची तहान भागलेली आणि भाव पडलेला. पिपांच्या आकाराबाबतही नियम होते: बोर्दोचे खास पीप वरच्यांनी वापरायचे नाही, म्हणजे कोणता माल कुठला हे बंदरावर दुरूनच ओळखता येई. काना गावच्या कारभाऱ्याला रसाचे मूळ ठाऊक नव्हते. येथे मात्र पीप पाहताच ते कळे.

१४५३ मध्ये इंग्रज गेले, फ्रेंच राजे आले. सवलती मात्र कायम राहिल्या, कारण सत्ता बदलली तरी बंदराची गरज कोणाला नसते? अखेर सोळाव्या लुईचा अर्थमंत्री त्युर्गो याने एप्रिल १७७६ मध्ये राजाज्ञा काढून वाईनचा व्यापार खुला केला आणि हा साडेपाचशे वर्षांच्या आसपास चाललेला अडसर दूर झाला. पुढच्याच महिन्यात त्युर्गोचे मंत्रिपद गेले.

एक गंमत येथे नोंदवलीच पाहिजे. ज्या काळात काऑरची वाईन आपल्या नावाने विकणे अवघड होते, त्याच काळात बोर्दोचे व्यापारी तिची पिपे मुकाट्याने विकत घेत. त्यांची स्वतःची वाईन कित्येकदा फिकी आणि हलकी निघे. तिला रंग व अंग यावे म्हणून त्यात ही काळी वाईन मिसळली जाई. काऑरमध्ये काहीजण रसाचा भाग उकळून किंवा द्राक्षे तापवून मुद्दाम अधिक गडद, अधिक दाट वाईन याच मिश्रणासाठी करीत. म्हणजे इंग्रज सरदारांनी ज्या बोर्दोची तोंड भरून स्तुती केली, त्यांतल्या काही पेल्यांत तरी लॉटकाठच्या शेतकऱ्याचा घाम होता. नाव दुसऱ्याचे.

काऑरच्या नावाला चौदाव्या शतकात आणखी एक डाग लागला होता. तिथले व्यापारी सावकारीसाठी युरोपभर प्रसिद्ध होते आणि व्याज घेणे हे त्या काळच्या धर्मशास्त्रानुसार मोठे पाप. दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या अकराव्या सर्गात काऑरचे नाव थेट सदोम नगरीच्या जोडीने घेतले. महाकवीचा निवाडा! तो पुसायला कोण जाणार? मळ्यात राबणाऱ्याने कोणाला कर्ज दिले नव्हते. पण गावाच्या नावावर शिक्का बसला तो सगळ्यांसाठी बसला.

दान्तेच्या रागाला पुढे आणखी एक कारण मिळाले. दोन वर्षांहून अधिक काळ रिक्त राहिलेल्या पीटरच्या आसनावर १३१६ मध्ये काऑरचाच एक सुपुत्र निवडून आला. झाक दुएझ हे त्यांचे नाव, व्यापारी घराण्यातले, वय सुमारे बहात्तर. बावीसावे योहान हे नाव धारण करून त्यांनी आव्हिन्योहून १३३४ पर्यंत ख्रिस्तसभेचा कारभार हाकला. वृद्ध म्हणून तात्पुरते निवडलेले हे पोप अठरा वर्षे जगले आणि हिशेबात कोणालाही हार गेले नाहीत. १३२३ मध्ये त्यांनी थॉमस अक्वायनस यांना संतपद दिले, १३३२ मध्ये जन्मगावी विद्यापीठ स्थापिले. आव्हिन्योजवळ त्यांनी उन्हाळ्यासाठी एक किल्ला बांधवला आणि तिथल्या द्राक्षमळ्यांना उत्तेजन दिले; काऑरहून त्यांनी माळी आणवले अशी परंपरा सांगते. ते गाव म्हणजे आजचे ‘शातोनफ द्यू पाप’, पोपचा नवा किल्ला. तिथली वाईन आज जगप्रसिद्ध आहे आणि बाटलीवर पोपची किल्ल्यांची मुद्रा मिरवते. काऑरला मात्र पोपचे जन्मगाव असूनही अशी मुद्रा लाभली नाही. प्रसिद्धीचा न्याय असाच असतो.

याच पोपचे एक नाते आपल्या मातीशी आहे. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्याला चार फ्रान्सिस्कन मिशनरी रक्तसाक्षी झाले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमेत्रियुस. त्यांचे सहप्रवासी, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानुस कातालानी, त्या वेळी ठाण्यात नव्हते. परतल्यावर त्यांनी त्या चौघांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले. आपल्या वसईतले सोपारे तेच. ऑगस्ट १३२९ मध्ये पोप बावीसावे योहान यांनी कोल्लम येथे भारतातील पहिला लॅटिन धर्मप्रांत स्थापिला आणि या जॉर्डानुस यांनाच त्याचे बिशप नेमले. जॉर्डानुस यांनी आपल्या प्रवासवर्णनात नारळाचे आणि वर्षभर पांढरा, प्यायला गोड रस देणाऱ्या ताडाचे कौतुक केले आहे. म्हणजे द्राक्षारसाच्या देशातून आलेल्या या धर्मगुरूने आपल्या ताडीवर अभिप्राय दिला तो सातशे वर्षांपूर्वी, आणि तो अनुकूल होता!

काऑरकडे परत येऊ. तिथले बिशप पूर्वी त्या भागाचे जहागीरदारही असत. मोठ्या सणाच्या मिस्सावेळी त्यांची तलवार आणि लोखंडी हातमोजे वेदीजवळ ठेवण्याचा त्यांना मान होता. हा मान मला कधीच फारसा भावला नाही. त्यांच्यात आलें द सोलमिनियाक यांच्यासारखे कडक व्रतस्थ सुधारकही झाले; ते १६५९ मध्ये नदीवरील मेर्क्युएसच्या गढीत वारले आणि १९८१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ती गढी १९८३ मध्ये वाईनच्याच व्यवसायातील झॉर्झ व्हिगुरू यांनी विकत घेतली आणि तिच्या बागेखाली तळघर खोदले.

वेदीशी काऑरचे आणखी एक नाते आहे, आणि ते दूर रशियात. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेच्या उपासनेत पवित्र रक्ताच्या पात्रात कोमट पाणी घातले जाते. आपल्या मिस्सात एक थेंब पाणी मिसळतो, तिथे त्याहून अधिक. फिकी वाईन यात रंग आणि जीव दोन्ही गमावते. म्हणून त्यांना गडद, कसदार तांबडी वाईन हवी असे. काऑरची काळी वाईन या कामी इतकी पसंत पडली की तिच्या नावावरून तिथे ‘कागोर’ ही संज्ञाच रूढ झाली. पुढे क्रिमिया आणि मोल्दोवा येथे स्थानिक द्राक्षांपासून गोड, जड कागोर तयार होऊ लागली आणि सोविएत राजवटीतही ती बंद पडली नाही. देवाला न मानणाऱ्या सरकारी कारखान्यांत वेदीच्या वाईनचे नाव टिकून राहिले. कॅथलिक ख्रिस्तसभेचा कायदा रंगाबद्दल काही म्हणत नाही. वाईन नैसर्गिक, द्राक्षाच्या फळाची आणि न बिघडलेली असावी एवढेच सांगतो.

एकोणिसाव्या शतकात पारख्यांच्या जगात एक मोठी घटना घडली. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरवले. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने तिथल्या दलालांकडून वाईनची प्रतवारी मागवली. दलालांनी चाखण्याची स्पर्धा भरवली नाही; वर्षानुवर्षांचे बाजारभाव पाहिले आणि तांबड्या वाइनींच्या पाच श्रेणी करून दिल्या. ज्याचा भाव अधिक त्याची श्रेणी वरची. आणि मग अर्थातच ज्याची श्रेणी वरची त्याचा भाव अधिक. त्या यादीत आजतागायत जवळजवळ बदल झालेला नाही. १९७३ मध्ये शातो मूताँ रोथशिल्दला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत घेतले, हा गाजलेला अपवाद. एका प्रदर्शनासाठी घाईने केलेला कागद दीडशेहून अधिक वर्षे जगाच्या जिभेवर राज्य करतो आहे. ज्या भावांवर तो आधारला ते भाव निदान अंशतः पाच शतकांच्या बंदर-सवलतींनी घडवले होते, हे मात्र कोणी त्या कागदाच्या तळाशी लिहिले नाही.

मग कीड आली. फिलोक्सेरा नावाचा अमेरिकेतून आलेला सूक्ष्म कीटक वेलींची मुळे शोषतो. १८७० नंतरच्या दशकात तो लॉटच्या खोऱ्यात पोहोचला आणि मळे वाळून गेले. अमेरिकन खुंटावर कलम करणे हा उपाय सापडला, पण ओसेर्वाची कलमे नीट धरेनात; मोहोर गळे, घड विरळ येत. शेतकऱ्यांनी संकरित, भरपूर रस देणाऱ्या आणि चवीला सुमार अशा वेली लावल्या. तरुण शहरांकडे गेले. पहिल्या महायुद्धाने उरलेले नेले.

१९४७ मध्ये पार्नाक येथे शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. जुन्या ओसेर्वाच्या चांगल्या वेली शोधून त्यांच्या काड्या वाटायच्या, एकत्र वाईन करायची आणि ती काऑरच्याच नावाने विकायची, असा त्यांचा विचार होता. काम हळूहळू रुळत असतानाच फेब्रुवारी १९५६ मध्ये असा हिमकडाका पडला की वेली मुळापर्यंत गोठल्या. प्रोव्हान्समधली शतकापूर्वीची ऑलिव्हची झाडे त्याच थंडीत मेली. काऑरचा जवळजवळ सगळा मळा गेला.

याच थंडीने बोर्दोतील मालबेकही मारला. तिथल्या मळेवाल्यांनी व्यवहारी विचार केला आणि त्याच्या जागी बव्हंशी मेर्लो लावली. लॉटकाठच्या शेतकऱ्यांपुढेही तोच पर्याय होता. खिशात पैसा नव्हता आणि नव्या वेलीला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात; तोवर घरात काय खायचे? तरीही त्यांनी पुन्हा मालबेकच लावला. संकरित वेली थंडीने साफ केल्या होत्या, त्यामुळे नव्याने सुरुवात करायला जमीन मोकळी होती, असे आज सोयीने म्हटले जाते. पण ज्याने ते वर्ष काढले त्याला ते असे दिसले नसणार. माझ्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा निवाडा तोच आहे, आणि तो कोणा समीक्षकाने दिलेला नाही.

१९७१ मध्ये काऑरला शासनाचा अधिकृत मूळस्थान-दर्जा मिळाला. नियम असा की वाईन तांबडीच असावी, तिच्यात किमान ७० टक्के मालबेक असावा, बाकी मेर्लो आणि ताना या जाती चालतील. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पॉम्पिदू यांचे घर याच जिल्ह्यात काझार्कला होते. त्यांच्या मेजावर काऑर दिसू लागली आणि पॅरिसच्या उपाहारगृहांनाही ती अचानक आवडू लागली. दर्जा मिळाला तेव्हा मळे जेमतेम काहीशे हेक्टर होते. शतक संपता संपता ते चार हजारांच्या घरात गेले.

आणि आता समीक्षक आले. त्यांची पहिली प्रतिक्रिया संमिश्र होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जुन्या पुस्तकांतली ‘काळी वाईन’ मनात धरून गेलेल्या ब्रिटिश लेखकांना १९७० नंतरच्या दशकातील पुष्कळशी काऑर पातळ आणि घाईची वाटली. वेली कोवळ्या होत्या, आणि शेतकऱ्याला पैसा लवकर हवा होता. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. उलट काही बाटल्या इतक्या तुरट की तोंड वाळावे. मालबेकच्या जाड सालीत टॅनिन भरपूर असते. कच्च्या केळीची साल किंवा कोरा, फार उकळलेला चहा जिभेला जसा आवळतो तसा त्याचा गुण. ‘रांगडी’ हे विशेषण काऑरला तेव्हापासून चिकटले. शहरी लेखक ते कौतुकानेही वापरतात आणि नाक मुरडूनही.

पण हेच टॅनिन वाईनला वर्षे सोसण्याचे बळ देते. रसातील आम्लता तिला ताजी ठेवते. टॅनिन आणि रंगद्रव्ये काळाच्या ओघात एकमेकांशी जुळतात, त्यांच्या मोठ्या साखळ्या होतात आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. वर राहते ती मऊ झालेली वाईन. म्हणूनच जुनी बाटली काही तास उभी ठेवून गाळ न हलवता अलगद दुसऱ्या भांड्यात ओततात. जाणत्या चाखणाऱ्यांच्या टिपणांत काऑरची दोन रूपे वारंवार येतात. कोवळेपणी जांभळट काळा रंग, आलुबुखार आणि काळ्या बोरांचा वास, थोडे ज्येष्ठमध, आणि शेवटी घट्ट आवळणारा तुरटपणा. दहा-बारा वर्षांनी कडेला विटकरी छटा, सुकवलेला आलुबुखार, तंबाखूचे पान, कातडे, पावसानंतरच्या जंगलातील माती आणि त्या प्रदेशात मिळणाऱ्या ट्रफल या भूछत्राचा गंध. काठच्या गोट्यांच्या जमिनीतील वाईन लवकर मवाळ होते; पठारावरील चुनखडीतील अधिक कठोर आणि अधिक दीर्घायुषी. नव्या ओकच्या पिपांचा भरमसाट वापर करून तिला बोर्दोसारखी गुळगुळीत करण्याचा मोह पुढे अनेकांना झाला. त्या वाइनींना गुण चांगले मिळाले. मला मात्र ती वाट पुन्हा दुसऱ्याच्या पिपात शिरण्याची वाटते.

गुणांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १९७८ मध्ये रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलाने एक पत्रिका सुरू करून वाईनला शंभरांपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखी ती सगळ्यांना समजे, म्हणून अफाट लोकप्रिय झाली. त्याआधी, २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पर्रिअर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे लेबले झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनी ठेवल्या. तांबड्यांत आणि पांढऱ्यांत, दोन्हीकडे पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. काही परीक्षक नंतर रागावले. काना गावचा कारभारी रागावला नव्हता, कारण त्याला गमवायचे काही नव्हते.

काऑरला खरा हात मिळाला तो समीक्षकांपेक्षा एका दूरच्या लेकराकडून. १८५३ मध्ये मिशेल पुझे हा फ्रेंच कृषितज्ज्ञ अर्जेंटिनात बोलावला गेला. सार्मिएन्तो या तिथल्या राजकारणी-विचारवंताचा त्यामागे पुढाकार होता. पुझेबरोबर मालबेकच्या काड्या गेल्या. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी मेंदोसाच्या कोरड्या उन्हात तो वेल असा रमला की आज तिथे चाळीस हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर मालबेक आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अर्जेंटिनाच्या मऊ, फळाळ मालबेकने जगाला वेड लावले. मग लोक विचारू लागले, हा मालबेक मूळचा कुठला? काऑरच्या शेतकऱ्यांनी आपल्या बाटलीवर गावाच्या नावाखाली ‘मालबेक’ हा शब्द ठळकपणे छापायला सुरुवात केली. आईची ओळख मुलाच्या नावाने व्हावी, तसेच हे.

भाव? बोर्दोच्या पहिल्या श्रेणीतील एका बाटलीच्या किमतीत चांगल्या काऑरच्या किमान दोन डझन बाटल्या येतात. समीक्षक या फरकाला ‘पैशाचे चांगले मोल’ म्हणतात आणि वाचकांना ती घेऊन ठेवण्याची शिफारस करतात. ग्राहकाच्या बाजूने ते खरे आहे. मळ्याच्या बाजूने पाहिले तर हाच फरक नाताळपर्यंत अडवलेल्या पिपांचा, नाव न सांगता विकलेल्या काळ्या रसाचा आणि दलालांच्या १८५५ च्या कागदाचा शिल्लक हिशेब आहे. स्वस्ताई कोणी दिलेली नसते. ती कोणाकडून तरी घेतलेली असते. वसईच्या बाजारात केळी-भाजी नेणाऱ्या आपल्या आईवडिलांना हे समजावून सांगावे लागले नसते.

हे सारे अजून संपलेले नाही. फ्रान्समध्ये तांबड्या वाईनचा खप अनेक वर्षे घटत आला आहे. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उशिराचे दंव पडले आणि देशभरच्या मळ्यांतले कोंब जळाले. अशा वेळी पंधरा वर्षांनी चांगली लागेल अशी वाईन करणे हा शेतकऱ्याच्या दृष्टीने व्यवहार कमी आणि श्रद्धा अधिक असते, कारण तळघरात थांबलेली बाटली बँकेचा हप्ता भरत नाही.

प्रेसाक गावाजवळ क्लो द गामो नावाचा एक मळा आहे. झुफ्रो कुटुंबाने तो पिढ्यान् पिढ्या राखला. तिथे निखळ मालबेकची वाईन करीत, ती मोठ्या, जुन्या लाकडी पिपांत सावकाश मुरवीत, आणि नव्या ओकच्या फॅशनकडे फिरकत नसत. फिलोक्सेराने सारे उद्ध्वस्त केल्यानंतर, १८८५ मध्ये, तिथे लावलेल्या काही वेली १९५६ च्या थंडीतूनही वाचल्या आणि शंभरी ओलांडल्यावरही फळ देत राहिल्या. म्हाताऱ्या वेलीला घड थोडे लागतात, पण रस दाट असतो. त्यांची वाईन वेगळी भरून तिला वेगळे नाव दिले गेले, आणि तिची बाटली उघडण्यापूर्वी दहा वर्षे तरी थांबा, असे घरचे लोक येणाऱ्याला सांगत.